शेतकऱ्यांची यादी सापडत नाही

एखाद्या सेवा केंद्रातल्या संगणकावर ‘शेतकऱ्यांची यादी’ नावाची फाइल असते. नाव डोळ्यांना स्वच्छ दिसतं, पण शोधखिडकीत तेच नाव टाइप केलं की संगणक सांगतो, अशी फाइल नाही. यात व्हायरसचा संबंध नाही आणि हार्ड डिस्कही बिघडलेली नसते. ‘शेतकऱ्यां’मधला तो आडवा, पापणीसारखा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो. एका तऱ्हेत ऱ, हलन्त आणि य असे तीन संकेत एकापुढे एक येतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्टसह ‘जे’ची कळ दाबली की हा ऱ मिळतो. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं शून्य रुंदीचं एक जोडचिन्ह आणि शेवटी य, असे चार संकेत असतात. पडद्यावर दोन्हींचं रूप एकच, आणि युनिकोडला दोन्ही चालतात. फाइलला नाव देणाऱ्याचा कळफलक एका तऱ्हेचा आणि शोधणाऱ्याचा दुसऱ्या तऱ्हेचा असला, की ही दोन रूपं एकच आहेत हे शोधणाऱ्या प्रोग्रामला कोणीतरी आधी शिकवलेलं असावं लागतं. शिकवलेलं नसेल, तर यादी असून नसल्यासारखी.

संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यासाठी याहून चांगला प्रोजेक्ट मला सुचत नाही. दोष खरा आहे, रोज कोणाला तरी नडतो आहे, आणि त्याची दुरुस्ती एका माणसाच्या आवाक्यातली आहे. शिवाय ती दुरुस्ती पुरी झाली असं म्हणायला विद्यार्थी आणि त्याचा गाईड पुरेसे नाहीत. ज्यांची तोंडओळखही नाही अशा माणसांनी ती तपासून आपल्या कामात सामावून घ्यावी लागते. आपल्याकडच्या प्रोजेक्टमध्ये नेमकी हीच पायरी नसते. बीसीए असो, बीएस्सी असो की इंजिनिअरिंग, विषय ठरलेले: ग्रंथालय व्यवस्थापन, हॉस्पिटल व्यवस्थापन, ऑनलाइन परीक्षा, हजेरी. सीनियरकडून सोर्स कोड येतो, झेरॉक्सच्या दुकानात काळं बायंडिंग होतं, सोनेरी अक्षरांत नावं उमटतात, एक्स्टर्नल दहा मिनिटं प्रश्न विचारतात आणि ते ‘ब्लॅक बुक’ विभागाच्या कपाटात जातं. त्या ग्रंथालय-प्रणालीतून एकही पुस्तक कधी कोणाला दिलं जात नाही. याचा दोष मुलांच्या माथी मारणं सोपं आहे. पण ज्या कामाला वापरणाराच नाही, त्याची कसोटी लागणार तरी कुठे? चुकलं तर कोणी तक्रार करत नाही, जमलं तर कोणाला कळत नाही.

ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे जिचा मूळ कोड कोणालाही वाचता, बदलता आणि पुढे वाटता येतो अशी संगणकाची कार्यप्रणाली. त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध लिनक्स. तिचा गाभा, म्हणजे कर्नल, आज चार कोटींच्या आसपास ओळींचा आहे आणि अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनमध्ये तोच बसलेला आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे लिनक्स कोण वापरतं?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या खिशातच बहुधा त्याचं उत्तर असतं. या प्रणालीची सुरुवात विद्यार्थ्यानेच केली. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सने तिचा पहिला कोड लोकांपुढे ठेवला. त्याच्या हाताशी मिनिक्स होती, अँड्र्यू टॅनेनबॉम या प्राध्यापकाने शिकवण्यासाठी म्हणून लिहिलेली छोटी प्रणाली. दोनच वर्षांनी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक याने डेबियन सुरू केली, आणि पुढे २००४ मध्ये आलेली उबुंटू डेबियनवरच उभी राहिली. या कथा आपल्या कॉलेजांत उत्साहाने सांगितल्या जातात आणि त्यांतून बहुतेकदा चुकीचा बोध घेतला जातो: आपणही आपली ऑपरेटिंग सिस्टिम काढू. टोरवाल्ड्सचा कर्नल टिकला, कारण पहिल्या काही महिन्यांतच इतरांनी त्यात दुरुस्त्या पाठवल्या आणि त्याने त्या घेतल्या. त्याच काळात जगभरच्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या आणि एकट्याच राहिलेल्या कर्नलांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत.

मग प्रकाशासारख्या गावात वाढलेल्या आणि शहाद्याच्या किंवा नंदुरबारच्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने चार कोटी ओळींच्या या पसाऱ्यात काय घालावं? प्रकाशाची निवड मी मुद्दाम करतो आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरचं हे शहादा तालुक्यातलं गाव दक्षिण काशी म्हणून ओळखलं जातं. केदारेश्वराच्या दर्शनाला महाराष्ट्राबरोबर गुजरात आणि मध्य प्रदेशातूनही लोक येतात. १९५४-५५ मध्ये पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी इथलं पांढरीचं टेकाड खणलं, तेव्हा ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे हजारो वर्षं ही वाटा एकमेकींना मिळण्याची जागा आहे, आणि आजही गावाच्या चौफुलीवर मराठी, अहिराणी, गुजर समाजाची गुजरी, भिली, पावरी आणि गुजराती अशा भाषा कानावर पडतात. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. याच शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला, आणि आधारची ती अवाढव्य यंत्रणा लिनक्स व इतर ओपन सोर्स साधनांवर उभारलेली आहे. तंत्रज्ञान घेण्याच्या बाबतीत हा तालुका देशात पहिला ठरला. त्यात स्वतःची भर घालण्याच्या बाबतीत मात्र त्याच्याकडून कोणी काही मागितलेलं नाही.

मागण्यासारखं इथे भरपूर आहे, आणि ते इथल्याशिवाय कोणाकडे नाही. जवळजवळ प्रत्येक लिनक्स संगणकात ‘जीलिबसी’ नावाचा एक पायाभूत संग्रह असतो. जगातल्या भाषांसाठी त्यात साध्या मजकुराच्या छोट्या फाइली असतात: वारांची आणि महिन्यांची नावं, तारीख लिहायची रीत, आकड्यांत स्वल्पविराम कुठे द्यायचा, चलनाचं चिन्ह, अक्षरांचा अनुक्रम. मराठीची फाइल आहे, यात नवल नाही. पण ‘बीएचबी’ या आंतरराष्ट्रीय संकेताखाली भिलीचीही फाइल तिथे आहे. २०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी गटाचे १ कोटी ४ लाख भाषक नोंदले गेले. आठव्या अनुसूचीबाहेरच्या भाषांमध्ये हा आकडा सगळ्यांत मोठा. आता प्रश्न असा, की त्या फाइलीतली वारांची आणि महिन्यांची नावं कोणत्या भिलीतली? सातपुड्यातली, झाबुआकडची, डांगाकडची, की हिंदीवरून उतरवलेली? धडगावच्या बाजारात माणसं ज्या नावांनी वार ओळखतात, ती नावं तिथे आहेत का? ही फाइल उघडून वाचायला प्रोग्रामिंग यावं लागत नाही, आणि तिची शहानिशा हेलसिंकीत किंवा बंगळुरात बसलेला निष्णात अभियंता करू शकत नाही. ती शहाद्याच्या कॉलेजातला भिल किंवा पावरा विद्यार्थी करू शकतो. अहिराणीलाही ‘एएचआर’ असा स्वतःचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. खान्देशी गटाचे २०११ मध्ये साडेअठरा लाखांहून अधिक भाषक नोंदले गेले होते. तिची अशी फाइल तयार करून संग्रहात पोचवणं हा एका सत्राचा ऐवज आहे.

‘हे तर भाषांतराचं काम, यात इंजिनिअरिंग कुठे आलं?’ असं इथे कोणी तरी म्हणणारच. मराठी लिनक्सचा आजवरचा प्रवास पाहिला तर हा आक्षेप टिकत नाही. २००० च्या आसपास भारतीय भाषांतल्या लिनक्ससाठी इंडलिनक्स हा प्रकल्प सुरू झाला. मुंबईत व्हीजेटीआयमध्ये डॉ. जितेंद्र शाह यांच्या पुढाकाराने इंडिकट्रान्स गटाने मराठीवर काम केलं. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने लोहित हे भारतीय लिप्यांचे फॉन्ट मुक्त परवान्याखाली खुले केले, आणि पुण्याच्या कार्यालयातल्या अभियंत्यांनी पुढची अनेक वर्षं त्यांची निगा राखली. त्या मंडळींपुढचे प्रश्न ‘फाइलला मराठीत काय म्हणावं’ इतके सोपे नव्हते. आज आपण ‘ॲप’ लिहितो त्यातल्या ॲ या मराठी अक्षराला २००८ पर्यंत युनिकोडमध्ये स्वतःची जागाच नव्हती. त्याआधी अ वर अर्धचंद्र बसवण्यासाठी जो तो आपापली तोड काढत होता. अक्षर कसं साठवायचं, फॉन्टने ते कसं जोडायचं, कर्सर त्याच्या मध्ये थांबू द्यायचा की नाही, खोडायची कळ दाबल्यावर अख्खं जोडाक्षर जावं की शेवटची मात्रा, क्रम लावताना ळ कुठे बसवायचा, हे सगळं अस्सल इंजिनिअरिंग आहे. ते करणाऱ्याला भाषा येत असावी लागते, एवढंच.

एक उदाहरण जरा जवळून पाहू. इंग्रजी प्रोग्राममध्ये एक वाक्य असतं, ज्याचा अर्थ ‘अमुक काढून टाकलं’. अमुकच्या जागी कधी फाइल येते, कधी फोल्डर, कधी फोटो, कधी गाणं. इंग्रजीत क्रियापद बदलत नाही, म्हणून लिहिणाऱ्याने सगळ्यांसाठी एकच वाक्य ठेवलेलं असतं. मराठी भाषांतरकार इथे अडकतो. फाइल काढून टाकली, फोटो काढून टाकला, गाणं काढून टाकलं. एका वाक्यात हे तिन्ही कसं बसवणार? तो बहुधा ‘काढून टाकले’ असं काहीतरी लिहून सुटका करून घेतो, आणि वापरणाऱ्याला वाटतं की मराठीतला संगणक अडाणी बोलतो, त्यापेक्षा इंग्रजी बरं. याचा खरा उपाय भाषांतरात नाहीच. मूळ कोडमधलं ते एक वाक्य तोडून प्रत्येक वस्तूसाठी वेगळं करावं लागतं, आणि मूळ लेखकाला ते पटवून द्यावं लागतं. पटवताना हिंदी, गुजराती, रशियन, अरबी अशा लिंगानुसार क्रियापद बदलणाऱ्या सगळ्या भाषांचा फायदा दाखवता येतो. दहा ओळींचा बदल असतो, पण तो करताना विद्यार्थ्याला कोड वाचावा लागतो, मराठी व्याकरण नेमकं मांडावं लागतं आणि परक्या माणसाशी सभ्यपणे वाद घालावा लागतो. माझ्या मते चारशे पानांच्या ब्लॅक बुकात यांतलं एकही शिकायला मिळत नाही.

शब्दलेखन तपासणाऱ्या हनस्पेल या साधनाचंही तसंच. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स दोन्ही ते वापरतात. त्यात एक फाइल शब्दांची आणि दुसरी नियमांची असते. मराठीत नियमांची फाइल हीच खरी परीक्षा, कारण नामाला प्रत्यय थेट लागत नाही, आधी त्याचं सामान्यरूप व्हावं लागतं. शहादाचं शहाद्याला होतं, तळोद्याहून बस येते, अक्कलकुव्याला तहसील आहे. ही गावं यादीत नसतील किंवा त्यांना चुकीचा नियम लावलेला असेल, तर ग्रामपंचायतीचा ठराव टाइप करणाऱ्याला पानभर लाल रेघा दिसतात आणि तो तपासनीस कायमचा बंद करतो. नंदुरबार जिल्ह्यातल्या सगळ्या गावांची नावं योग्य नियमासह त्या यादीत घालणं हे बीए मराठीचा आणि बीसीएचा विद्यार्थी मिळून करू शकतील असं काम आहे. अशा जोड्या आपल्या विद्यापीठांत जमवल्या जात नाहीत हे खरं, पण कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कॉलेजांत हे दोन विभाग बहुधा एकाच आवारात असतात.

भाषेला हात न लावताही इथून देण्यासारखं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबवला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर अधिकृतरीत्या चालत नाही. शाळा-कॉलेजांच्या लॅबमध्ये आठ-दहा वर्षांपूर्वी घेतलेली हजारो यंत्रं अजून धडधाकट आहेत. ती लिनक्सवर चालतात का, कोणत्या मॉडेलचं वाय-फाय चालत नाही, कोणता प्रिंटर मराठी कागद छापताना मात्रा खातो, वीज गेल्यावर संगणक पुन्हा सुरू झाला की फाइलींचं काय होतं, याची नीट नोंद हवी असते. प्रणाली बनवणाऱ्यांकडे ही यंत्रं नसतात. दोषाची चांगली नोंद म्हणजे काय हेही शिकावं लागतं: यंत्राचं मॉडेल, प्रणालीची आवृत्ती, काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि दुसऱ्यांदा केल्यावर तसंच होतं का. ‘प्रिंटर चालत नाही, मदत करा’ अशी नोंद कोणी वाचत नाही आणि वाचूही नये. पण पायऱ्या नीट लिहिलेली नोंद कधी कधी कोडच्या शंभर ओळींपेक्षा मोलाची ठरते. तीही प्रोजेक्ट म्हणून मान्य व्हायला हवी असं माझं म्हणणं आहे, आणि ते बऱ्याच प्राध्यापकांना पचणार नाही याची कल्पना आहे.

विद्यार्थ्यांना अशा कामात लोटण्याचा धोकाही आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. डिजिटलओशन या कंपनीचा हॅक्टोबरफेस्ट नावाचा उपक्रम ऑक्टोबरमध्ये चार दुरुस्त्या पाठवणाऱ्यांना टी-शर्ट देत असे. २०२० मध्ये लोकांनी टी-शर्टसाठी निरर्थक दुरुस्त्यांचा असा पाऊस पाडला, की प्रकल्प चालवणारे हैराण झाले आणि कंपनीला उपक्रम चालू असतानाच नियम बदलावे लागले. २०२४ च्या सुरुवातीला एक्स्प्रेस या नावाजलेल्या प्रकल्पाच्या माहितीपानात स्वतःचं नाव घालून पाहणाऱ्या विनंत्यांचा ढीग पडला. त्यातल्या बऱ्याच भारतीय विद्यार्थ्यांच्या होत्या, शिकवणीच्या व्हिडिओत दाखवलं तसंच त्यांनी केलं होतं. आणि हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी, तपासणी किती कडक आहे हे पाहण्यासाठी, लिनक्स कर्नलला जाणूनबुजून सदोष दुरुस्त्या पाठवल्याचं उघड झालं. कर्नलचे ज्येष्ठ व्यवस्थापक ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी त्या अख्ख्या विद्यापीठाच्या दुरुस्त्या घेणं बंद केलं आणि जुन्या दुरुस्त्याही पुन्हा तपासायला घेतल्या. या तिन्ही प्रसंगांत पाठवणाऱ्याला घेणाऱ्याच्या कामाशी देणंघेणं नव्हतं. टी-शर्ट, सराव किंवा शोधनिबंध हवा होता. विद्यापीठाने उद्या ‘प्रत्येकी पाच दुरुस्त्या पाठवा, वीस गुण मिळवा’ असं परिपत्रक काढलं तर उत्तर महाराष्ट्रातूनही तोच पाऊस पडेल. आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हाताशी आहेत, तेव्हा तो मुसळधार पडेल. कर्ल या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून अशा यंत्रनिर्मित, भरघोस आणि पोकळ तक्रारींबद्दल जाहीरपणे वैतागून लिहीत आले आहेत.

म्हणून स्थानिक दोषांचा आग्रह. ‘शेतकऱ्यांची यादी’ न सापडण्याचा त्रास ज्याच्या भावाला किंवा तलाठी कार्यालयातल्या ओळखीच्या माणसाला होतो, तो दुरुस्ती खरंच चालते की नाही हे पाहिल्याशिवाय राहणार नाही. यंत्राकडून कोड लिहून घेतला तरी दोन तऱ्हांचे र शेजारी ठेवून खात्री त्यालाच करावी लागेल, आणि धडगावच्या बाजारातली वारांची नावं तर कोणतंही यंत्र त्याला सांगणार नाही.

याहून गंभीर आक्षेप फुकटच्या राबणुकीचा आहे. लिनक्स कर्नलमधले दहातले आठहून अधिक बदल आज पगारी माणसं करतात, कंपन्यांच्या नोकरीत बसून. अब्जावधींचा धंदा करणाऱ्या त्या कंपन्यांच्या प्रणालीत नंदुरबारच्या आदिवासी मुलाने विनामोबदला भर का घालावी? प्रश्न रास्त आहे, आणि ‘अनुभव मिळतो’ हे त्याचं उत्तर मला पुरेसं वाटत नाही. अनुभवाच्या नावाखाली आपल्याकडे बरंच काही फुकट उकळलं जातं. पैसे मिळण्याचे मार्ग आहेत, ते आधी दाखवायला हवेत. गुगलचा समर ऑफ कोड उपक्रम २००५ पासून नवशिक्यांना ओपन सोर्स प्रकल्पांत काम करण्यासाठी मानधन देतो. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प फेलोशिप देतो, आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्सचे धडे मराठीतही आहेत. पण मुख्य उत्तर कामाच्या निवडीत आहे. कर्नलमधली नेटवर्कची गती वाढवायला कंपन्या पैसे मोजतात, तिथे विद्यार्थ्याने फुकट राबू नये. भिली वारांसाठी कोणी पैसे मोजत नाही आणि मोजणारही नाही. लोहित फॉन्टची निगा पुण्यातल्या पगारी लोकांनी राखली हे वर आलंच. कंपनीचा प्राधान्यक्रम बदलला की असं काम थंडावतं. केरळात तसं झालं नाही. या शतकाच्या सुरुवातीला कालिकतच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून सुरू झालेलं स्वतंत्र मल्याळम कम्प्युटिंग आजही फॉन्टपासून कळफलकांपर्यंत काम करतं, त्याने समर ऑफ कोडमध्ये विद्यार्थी घेतले, आणि राज्य सरकारने शाळांत लिनक्स आणल्यामुळे त्या कामाला रोजचे वापरणारे मिळाले. महाराष्ट्रात विद्यार्थी गट आहेत, सांगलीच्या वालचंद कॉलेजचा लिनक्स गट किंवा पुण्याच्या सीओईपीतला मुक्त सॉफ्टवेअर गट ही नावं लगेच आठवतात. नाही ते शाळांचं पाठबळ.

परदेशी प्रणालीला हातभार लावण्यापेक्षा देशी प्रणाली करा, हा सूर अधूनमधून ऐकू येतो. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस लिनक्स डेबियनवर आधारलेली आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये घेतलेली माया उबुंटूवर. यात कमीपणा काही नाही, शहाणपणच आहे. डेबियनमध्ये मराठी शोधाची दुरुस्ती पोचली की ती पुढच्या फेरीत बॉसमध्ये येते, उबुंटूत येते आणि तिथून मायापर्यंत जाऊ शकते. उलट फक्त बॉसमध्ये केलेली दुरुस्ती तिथेच राहते आणि मूळ प्रणाली बदलली की पुन्हा करावी लागते.

इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे. चर्चा इंग्रजीत होते आणि खान्देशातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधराला तिची धास्ती वाटते. पण त्या इंग्रजीचा आवाका पाहावा: काय बिघडलं, कसं दिसतं, मी काय बदललं. कर्नलचे कितीतरी व्यवस्थापक जर्मन, जपानी, ब्राझिली आहेत, त्यांच्या वाक्यांतही व्याकरण डगमगतं आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. भाषेच्या फाइलींत तर पारडंच फिरतं. तिथे तपासणाऱ्याला विद्यार्थ्याच्या ज्ञानावर विसंबावं लागतं. अर्थात त्या विश्वासाबरोबर जबाबदारीही येते. वीस वर्षांच्या एका मुलाने अख्ख्या अहिराणीचा वर्णक्रम एकट्याने ठरवू नये. चार गावांतल्या चार वयांच्या माणसांना विचारावं, अरुण जाखडे यांनी संपादित केलेला भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणाचा २०१३ चा महाराष्ट्र खंड पाहावा, मतभेद असेल तिथे तसं नमूद करावं. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवी अभ्यासक्रमांत फील्ड प्रोजेक्ट आणि समाजसहभागाला श्रेयांक आहेत. सध्या त्यात वृक्षारोपणाचे फोटो भरले जातात. वारांची आणि महिन्यांची नावं गोळा करत तालुकाभर फिरणं त्या श्रेयांकांना जास्त शोभेल.

गुण द्यायचे कशावर, हा शेवटचा आणि सगळ्यांत अडचणीचा प्रश्न. दुरुस्ती स्वीकारली गेली तरच पास, असं ठरवलं तर अन्याय होईल. स्वीकारणारी माणसं विद्यापीठाची बांधील नाहीत, त्यांना वेळ नसतो, एखादी चांगली दुरुस्तीही महिनोन् महिने पडून राहते. मोजायची तर चर्चा मोजावी. दोष कसा नोंदवला, पहिल्या उत्तरानंतर काय बदललं, नकार मिळाला तर त्याचं कारण विद्यार्थ्याला कळलं का, हे सगळं तारखांसह सार्वजनिक नोंदीत असतं. एक्स्टर्नलला ते दहा मिनिटांत वाचता येतं आणि सीनियरकडून उचलताही येत नाही. राहिला वेळापत्रकाचा भाग, आणि तो आपोआप जुळतो. लिनक्सवरचा नोम हा प्रमुख डेस्कटॉप दरवर्षी मार्चमध्ये आणि सप्टेंबरमध्ये नवी आवृत्ती काढतो, उबुंटू एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये. आवृत्तीच्या काही आठवडे आधी मूळ वाक्यं गोठवली जातात आणि तिथून पुढचा काळ खास भाषांतरासाठी राखलेला असतो. जुलैत कॉलेज सुरू झाल्याझाल्या ज्याने ‘काढून टाकली, टाकला, टाकलं’चा दोष नोंदवला, त्याला वाक्यं गोठण्याआधी बदल पटवून द्यायला महिनाभर मिळतो, मराठी वाक्यं भरायला ऑगस्ट मिळतो, आणि नोव्हेंबरच्या व्हायवाला तो उबुंटूच्या नव्या आवृत्तीत आपलं काम एक्स्टर्नलसमोर चालवून दाखवू शकतो.